औताचा बैल आणि मैदानाचा बैल

चैत्र लागला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील गावांच्या वेशींवर यात्रांचे फलक झळकू लागतात. वर ग्रामदैवताचे छायाचित्र, बाजूला पुढाऱ्यांचे चेहरे, खाली कुस्त्यांची वेळ, तमाशाचे नाव आणि त्याच रांगेत ठळक अक्षरांत एक ओळ असते : ‘भव्य ओपन बैलगाडा मैदान’. यातल्या ‘ओपन’ या शब्दाकडे शहरातून यात्रेला आलेल्या पाहुण्याचे सहसा लक्ष जात नाही. गावकऱ्यांना मात्र त्याचा अर्थ नेमका ठाऊक असतो. ओपन म्हणजे कुठल्याही गावचा, कुठल्याही वयाचा आणि कितीही किमतीचा बैल इथे पळू शकतो. वरकरणी हा शब्द फार उदार वाटतो. दार सर्वांना उघडे आहे, असेच तो सांगतो. परंतु गेल्या काही वर्षांत या उघड्या दारातून एक जण हळूहळू बाहेर पडला आहे, आणि तो म्हणजे शेतात राबणारा बैल.

शर्यती असाव्यात की नसाव्यात, हा वाद महाराष्ट्राने पुष्कळ ऐकला. त्यावर मोर्चे निघाले, विधिमंडळात कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आणि निकालही लागला. त्यामुळे तो वाद पुन्हा उकरून काढण्याचा या लेखाचा हेतू नाही. आता पारावर आणि चहाच्या टपरीवर चर्चा चालते ती निराळ्या प्रश्नाची. ज्या शर्यती शेतकऱ्याच्या नावाने वाचवल्या, त्यांत शेतकऱ्याच्या घरच्या बैलाला जागा आहे काय? की त्या केवळ शर्यतीसाठीच घडवलेल्या जनावरांच्या झाल्या? मला हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा वाटत नाही. कायद्याने शर्यतीला जो आधार दिला, तो या प्रश्नाच्या उत्तरावर बराचसा टिकून आहे.

घाट आणि मैदान

ज्यांनी या शर्यती पाहिलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. एकट्या पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या दोन तऱ्हा आहेत. उत्तरेकडे खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात ‘घाट’ असतो. चढाच्या धावपट्टीवर गाडा एकेकटा सोडतात. गाड्याला चार बैल, त्यांच्यापुढे घोडी, गाड्यात हाकणारा कोणी नाही आणि सगळा न्याय घड्याळाचा. ‘बारी किती सेकंदांत बसली’ हा तिथला परवलीचा प्रश्न. दक्षिणेकडे सातारा-सांगलीच्या बाजूला सपाट रानात ‘छकडी’ पळते. हलकी दोन चाकी गाडी, दोन बैल, वर एक हाकणारा. चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, एका गटात पाच-सात छकड्या शेजारी शेजारी सुटतात, गटात पहिली आलेली पुढच्या फेरीत जाते आणि संध्याकाळी अंतिम फेरी होते. नीरा नदीच्या अलीकडे असलेल्या बारामती-इंदापूरची ओढ साहजिकच या दुसऱ्या तऱ्हेकडे आहे. नदी ओलांडली की सातारा आणि सोलापूर जिल्हे लागतात. तिकडचे बैल इकडे येतात, इकडचे तिकडे जातात, आणि सोयरीकही याच पट्ट्यात होत असल्यामुळे पाहुणे आणि बैल एकाच वाटेने ये-जा करतात.

या दोन तालुक्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि इथला बागायती पट्टा उसाखाली गेला. पुढे वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर अशी साखर कारखान्यांची गावे उभी राहिली. त्यामुळे इथे ‘कारखाना’ म्हटले की दुसरे काही डोळ्यांसमोर येतच नाही. उसाच्या हंगामात टायरच्या गाडीला जुंपलेला, दोन-दोन टन ऊस ओढत रात्री-अपरात्री कारखान्याच्या गव्हाणीकडे निघालेला बैल हे या भागाचे नेहमीचे दृश्य. त्यातले कित्येक बैल बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्यांबरोबर येतात, काही इथल्याच शेतकऱ्यांचे असतात. ट्रॅक्टर आले, छोट्या ट्रॅक्टरला जोडायच्या गाड्या आल्या, तरी हा बैल अजून पुरता गेलेला नाही.

हा कारखान्याचा बैल आणि औताचा बैल कष्टाला घडलेला असतो. रुंद छाती, जाड मान, संथ आणि ठाम पाऊल. त्याचे मोल त्याच्या ओढण्यात असते, पळण्यात नसते. पूर्वी यात्रेच्या दिवशी याच जोडीला अंघोळ घालून, शिंगे रंगवून मैदानात नेत. जिंकले तर नारळ, फेटा, फार तर एखादी पितळी घागर. हरले तरी दुसऱ्या दिवशी तीच जोडी कुळवाला जुंपायची असे. शर्यत म्हणजे वर्षभराच्या कष्टातली एका दिवसाची हौस होती.

शर्यतीसाठीच घडलेला

मैदानाचा बैल याहून वेगळा. तो बहुधा खिल्लार जातीचा असतो. सातारा, सांगली आणि सोलापूर यांच्या सांध्यावरचा कोरडा माणदेश हे या जातीचे माहेर. पांढरा शुभ्र किंवा करडा रंग, लांब मागे गेलेली टोकदार शिंगे, सडपातळ अंग आणि मुळातच चपळ स्वभाव. खरसुंडी, म्हसवड, पंढरपूर इथल्या जनावरांच्या यात्रांमधून खोंडे निवडून आणतात. खोंडाचा बाप कोण, त्याची आई कुठल्या दावणीची, हे आता जमिनीच्या उताऱ्याइतक्या बारकाईने पाहिले जाते. मग त्याची तालीम सुरू होते. रोजचे चालणे, पोहणे, ठराविक दिवसांनी सराव, दूध-अंडी-भरड्याचा खुराक, अंगाला मालीश, गोठ्यात पंखा आणि मैदानाला जाण्यासाठी स्वतंत्र गाडी. त्याच्या दिमतीला दोन-तीन मुले असतात. त्याच्या मानेवर औताचे जू कधी चढत नाही. चढवणे परवडणारही नाही, कारण एक पाय मुरगळला तर लाखोंचे नुकसान.

लाखोंचे हा शब्द मी सहज वापरलेला नाही. २०२३ साली सांगली जिल्ह्यात भाळवणीच्या मैदानात पहिले बक्षीस ‘थार’ मोटारीचे होते आणि २०२५ साली त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका मैदानात ‘फॉर्च्युनर’ लावण्यात आली. २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या शर्यतीत जेसीबी यंत्राचे बक्षीस होते. बकासुरसारख्या बैलाचे नाव आज एखाद्या नटासारखे घराघरांत पोहोचले आहे. ज्या खेळात एका दिवशी मोटार मिळते, त्या खेळाच्या बैलाची किंमतही मोटारीइतकी होणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

आणि पैसा आला की पैशाबरोबर येणारे सगळेच येते. जून २०२४ मध्ये बारामती तालुक्यातल्या निंबुत गावी शर्यतीच्या बैलाच्या व्यवहारावरून गोळी झाडली गेली आणि एका माणसाचा जीव गेला. त्या बैलाचा सौदा ३७ लाख रुपयांना ठरला होता, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. त्या प्रकरणात कोणाचा किती दोष, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मी एवढेच म्हणेन, की नारळ आणि फेट्यासाठी पळणाऱ्या जोडीवरून असा प्रसंग उद्भवणे या भागात कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

मी मूळचा याच भागातला असल्यामुळे मैदानांवर माझे येणे-जाणे असते. इंदापूर तालुक्यातल्या एका गावी एक नाना आहेत. हंगामात कारखान्याला ऊस वाहतात, पावसाळ्यात दुसऱ्यांची औते धरतात. ऐन तरुणपणी त्यांची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. आता मैदानात उतरता का, असे मी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘अहो भाऊ, आमची जोडी निम्म्यात पोचायच्या आधी त्यांची फिरून आलेली असते. प्रवेश फी भरायची आणि लोकांनी हसायचं, ते कशाला? आता आम्ही आपले बघे.’’ या बोलण्यात रागाचा सूर नव्हता, पण ‘आता आम्ही बघे’ हे वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

न्यायालयात काय सांगितले होते?

इथे थोडा मागचा इतिहास आठवायला हवा. २०११ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने खेळ-कसरतींसाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, घोड्यासारखी पळण्याची शरीररचना त्याला नाही, हा त्या निकालातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर मोठे आंदोलन झाले आणि तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही केली. परंतु ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि मैदाने पुन्हा सुनी पडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या साऱ्या लढाईत शर्यतीच्या बाजूने दोन गोष्टी सातत्याने मांडल्या गेल्या. एक, ही कृषिसंस्कृतीतली परंपरा आहे. दुसरी, शर्यती बंद झाल्या तर देशी गोवंश टिकणार नाही. हे दोन्ही मुद्दे खोटे नाहीत. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातल्या गाय-बैलांपैकी नर जनावरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. पावणेसात कोटींहून अधिक असलेले नर पावणेपाच कोटींच्या आसपास आले. ट्रॅक्टरच्या काळात गोऱ्ह्याला विचारतो कोण? तेव्हा खिल्लार खोंडाला जर काही मोल उरले असेल, तर त्यात शर्यतीचा मोठा वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण मग प्रश्न असा येतो. परंपरा कोणाची सांगितली? बैलाला घरातला माणूस मानणाऱ्या, बेंदराला त्याला पुरणपोळीचा घास भरवणाऱ्या शेतकऱ्याची. मैदानात आज जो बैल जिंकतो, त्याचा त्या शेतीशी संबंध किती उरला आहे? न्यायालयात एका बैलाचे नाव सांगायचे आणि मैदानात दुसराच बैल उतरवायचा, असे होऊ लागले, तर उद्या पुन्हा कोणी दाद मागितली तेव्हा उत्तर देणे अवघड जाईल.

सातासमुद्रापलीकडचा हाच वाद

गंमत अशी, की अगदी हाच वाद अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत झाला आहे. तिथे ‘ड्रॅग रेसिंग’ नावाचा खेळ आहे. सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहून सुटतात. आपल्या छकड्यांचेच यांत्रिक भावंड म्हणा. १९५१ साली स्थापन झालेली तिथली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था या शर्यती भरवते. तिने मोटारींचे अनेक वर्ग पाडले. त्यातला ‘स्टॉक’ हा वर्ग साध्या माणसाचा. दुकानातून विकत घेतलेली, रोजच्या वापरातली मोटार फारसा बदल न करता पळवायची, ही त्यामागची मूळ कल्पना. आठवडाभर ज्या गाडीतून कामावर जायचे, तीच रविवारी मैदानात न्यायची.

पुढे मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांनाच या वर्गात रस वाटू लागला. १९६८ साली क्रायसलर कंपनीने डार्ट आणि बॅराकुडा या साध्या मोटारींत आपले सर्वांत ताकदीचे इंजिन बसवून, वजन घटवून, केवळ शर्यतीसाठी थोड्या गाड्या तयार करवल्या. त्या ‘स्टॉक’च्या वरच्या वर्गात, ‘सुपर स्टॉक’मध्ये उतरल्या. २००८ साली फोर्डने ‘कोब्रा जेट’ नावाच्या ५० मस्टँग काढल्या, २०१२ साली शेवरोलेने ६९ ‘कोपो’ कॅमारो काढल्या. या गाड्यांची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणीच होत नाही, आणि तरी त्यांना ‘स्टॉक’ वर्गात स्थान मिळाले. जुने खेळाडू म्हणू लागले, की जी गाडी कधी रस्त्यावर चाललीच नाही ती ‘साधी’ कशी? कंपन्यांचे म्हणणे, ती आमच्याच कारखान्यातून बाहेर पडली आहे, मग साधी का नाही?

संस्थेने यातून जो मार्ग काढला तो आपल्याला विचारात घेण्याजोगा आहे. तिने नव्या गाड्यांना हाकलले नाही. ज्या गाडीची कामगिरी कागदावरच्या ताकदीपेक्षा सरस दिसते, तिची नोंदलेली ताकद वाढवून तिला वरच्या गटात ढकलायचे, ही पद्धत चालू ठेवली. दोन असमान गाड्या समोरासमोर आल्या तर संथ गाडीला आधी सुटू द्यायचे, हीही रीत आहेच. आणि या कारखानी गाड्यांसाठी एक स्वतंत्र स्पर्धाही सुरू केली. वाद पूर्ण मिटला असे नाही, पण साध्या गाडीवाल्याला घरी बसण्याची पाळी आली नाही.

दुसरी बाजू

मैदानाच्या बैलाच्या बाजूनेही बोलायला हवे, नाहीतर लेख एकांगी होईल. बारामतीजवळच्या एका तरुण बैलगाडा मालकाने मला सडेतोड विचारले, ‘‘तुम्हाला आमचा बैल दिसतो, पण त्याचं खोंड कोणी विकलं ते दिसत नाही. माणदेशातल्या गरीब धनगरानंच विकलं ना? एका खोंडात त्याच्या मुलीचं लग्न झालं.’’ या म्हणण्यात तथ्य आहे. महागड्या बैलाचा पैसा शेवटी पैदास करणाऱ्याच्या हाती थोडाफार जातोच. शिवाय मैदानाच्या बैलाची जी निगा राखली जाते, ती पाहून माणसालाही हेवा वाटावा. हंगाम संपल्यावर बाजार दाखवला जातो तो बहुधा कष्टाच्या बैलालाच.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. राबणाऱ्या बैलाला मैदानात परत आणा म्हणणे, म्हणजे दमलेल्या जनावराला आणखी दमवणे नव्हे काय? याचे उत्तर ऋतुचक्रात आहे. उसाचा गाळप हंगाम साधारणपणे मार्चच्या सुमारास आटोपतो आणि यात्रांचा काळ त्यानंतरचा. जुन्या लोकांनी यात्रेच्या दिवसांत शर्यती ठेवल्या त्या उगीच नव्हे. आणि नियम तर प्रत्येक बैलाला सारखेच लागू आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, ५० हजार रुपयांची अनामत, पशुवैद्यकाची तपासणी, एक हजार मीटरची मर्यादा, चाबूक-काठी किंवा विजेचा धक्का देणारी यंत्रे यांना मनाई. हे मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. औताच्या बैलाला यातली एकही सवलत मिळता कामा नये. उलट थकलेले, अशक्त जनावर पशुवैद्यकाने दारातूनच परत पाठवायला हवे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने हौस करू नये, असे कोण म्हणेल? माझे म्हणणे फक्त इतकेच, की दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. तालमीत वजनाचे गट असतात, महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांचे त्यांच्या गुणांकनानुसार वर्ग पाडतात आणि सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. मग बैलांनीच काय घोडे मारले आहे?

गट पाडायचा तो कसा?

यावर हमखास विचारले जाते, की औताचा बैल ओळखायचा कसा? कोणीही उठेल आणि आपला लाखाचा बैल औताचा म्हणून उभा करील. शंका रास्त आहे. पण मैदानांना गट पाडण्याची सवय नाही असे मुळीच नाही. दाताचे गट आज सर्रास चालतात. दुधाचे दात न पडलेला तो ‘आदत’, दोन दातांचा ‘दुसा’, चार दातांचा ‘चौसा’. केवळ आदत बैलांची मैदाने होतात, एक आदत आणि एक दुसा अशा जोडीची होतात. वयाबद्दल मालक काहीही सांगो, बैलाचे तोंड उघडले की खरे-खोटे कळते. म्हणूनच तो नियम टिकला. तोंडी ग्वाहीवर न चालता डोळ्यांनी तपासता येईल, असा निकष औताच्या बैलासाठीही शोधावा लागेल.

त्यासाठी या दोन तालुक्यांत तरी साधने हाताशी आहेत. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांशी साखर कारखाने करार करतात आणि त्यांची नोंद ठेवतात. ज्याच्या गाडीने त्या हंगामात खेपा केल्या, त्याची जोडी कष्टाची आहे, याला आणखी कुठला पुरावा हवा? जिरायती गावांत, जिथे ऊस नाही, तिथे यात्रा समितीतल्या चार जाणत्या माणसांनी जोडी औताला चालताना पाहून दाखला द्यावा. गावात कोणाचा बैल कुळवाला चालतो आणि कोणाचा पंख्याखाली बसतो, हे लपून राहत नसते.

दुसरे साधन बैलाच्या कानात आहे. बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आता जनावरांना लावला जातो आणि राज्यात जून २०२४ पासून जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी आणि वाहतुकीसाठी तो आवश्यक करण्यात आला आहे. मालक बदलला की तशी नोंद व्हायला हवी. तेव्हा या गटात उतरणारा बैल निदान वर्षभर त्याच दावणीला असावा, अशी अट घालणे अशक्य नाही. यात्रेच्या आदल्या आठवड्यात बैल आणून शेजाऱ्याच्या नावावर दाखवण्याची पळवाट त्यामुळे बरीचशी बंद होईल.

तिसरी गोष्ट छकडीची. आज छकडी हलकी करण्यातही पैसा ओतला जातो. औताच्या गटासाठी यात्रा समितीनेच एकसारख्या, एकाच वजनाच्या छकड्या ठेवाव्यात आणि कोणाला कोणती हे चिठ्ठी टाकून ठरवावे. जोडी एकाच घरची नसेल तर ‘पैरा’ गावातल्या गावातच करावा. पैरा हा शब्द आज मैदानात दोन मालकांचे बैल एकत्र जुंपण्यासाठी वापरतात, पण तो आला आहे शेतीतूनच. एकेक बैल असलेले दोन शेतकरी पेरणीच्या वेळी एकमेकांच्या बैलांचा पैरा करीत. त्या शब्दाला त्याच्या मूळ जागी नेण्याची ही नामी संधी आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बक्षीस. ते मोठे ठेवले, तर वर सांगितलेले सगळे निकष मोडण्यासाठी माणसे टपून बसतील. मोटार लावली की मोटारीच्या तोडीची लबाडीही येणार. या गटाला बक्षीस असावे ते शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे : पेंडीची पोती, कडबा, नवा कासरा-सापत्यांचा साज, वर्षभराचा जनावरांचा विमा. ज्याला याचा मोह नाही, तो आपोआप ओपनमध्ये जाईल. नियमांपेक्षा हा उपाय अधिक खात्रीचा आहे, असे मला वाटते.

घोड्यांच्या शर्यतीत परदेशात आणखी एक पद्धत आहे. शर्यतीत उतरलेला घोडा ठरलेल्या किमतीला कोणीही मागू शकतो आणि मालकाला तो द्यावाच लागतो, त्यामुळे महागडा घोडा स्वस्त गटात कोणी घुसवत नाही. युक्ती म्हणून ती बिनतोड आहे. पण आपल्याकडे ती चालणार नाही आणि चालूही नये. घरच्या बैलावर किंमत लावून तो परक्याच्या हाती देण्याची तयारी ज्या शेतकऱ्याकडे नाही, त्याच्यासाठीच तर हा गट काढायचा आहे.

हे सारे करण्यासाठी नवा कायदा नको, शासनाचा आदेशही नको. यात्रा समितीने बैठकीत एक ठराव करावा आणि फलकावर ‘ओपन’च्या शेजारी दुसरी ओळ वाढवावी. सकाळी उन्हाच्या आधी, मोठ्या गर्दीआधी, गावच्या आणि शेजारच्या चार गावांच्या कष्टाच्या जोड्यांचे एक मैदान व्हावे आणि मग दिवसभर ओपनचा थाट चालू द्यावा. बकासुर पाहायला येणारे लोक येतीलच. पण गावातल्या पोराला आपल्या आजोबांचा बैल पळताना बघायला मिळेल, आणि ज्याच्या नावाने आपण दिल्लीपर्यंत भांडलो तो बैल निदान मैदानात हजर तरी असेल.

येत्या चैत्राच्या यात्रांच्या बैठका माघ-फाल्गुनातच बसतील. वर्गणीचा आकडा, तमाशाचा फड आणि पाहुण्यांची यादी यांवर तिथे तासन् तास खल होतो. त्यातला अर्धा तास या प्रश्नाला द्यावा, एवढीच बारामती आणि इंदापूरच्या गावकऱ्यांना विनंती.